‘ॲडजस्ट करा’ म्हणजे नक्की काय करा?



‘शब्दांची पिशवी’ या आपल्या सदरात दर वेळी आपण एक इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याला उलटसुलट करून बघतो. आजचा शब्द अगदी घरातला आहे. इतका घरातला, की तो इंग्रजी आहे हे आजीच्याही लक्षात येत नाही. तो शब्द म्हणजे ‘ॲडजस्ट’.

“पाहुणे आलेत, आज सगळे हॉलमध्ये ॲडजस्ट करा.”
“साखर संपलीय, आज गुळाच्या चहावर ॲडजस्ट कर.”
“नवी सून छान ॲडजस्ट झाली हो!”
“या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून ॲडजस्ट करा.”
“शनिवारी जरा ॲडजस्ट करशील ना?”

पाच वाक्यं, शब्द एकच. पण नीट बघा. पहिल्या वाक्यात झोपायची जागा कमी होतेय. दुसऱ्यात चहाची चव बदलतेय. तिसऱ्यात एक अख्खं माणूस बदलतंय. चौथ्यात हिशेब इकडचा तिकडे होतोय. आणि पाचव्यात कुणाची तरी सुट्टी चाललीय. मग या शब्दाचा अर्थ सांगायचा तरी काय?

बेंगळुरूचं ब्रीदवाक्य

मी राहते बेंगळुरूमध्ये, आणि या शब्दाची खरी राजधानी हीच आहे. इथे आलेल्या माणसाला कन्नडमधलं जे पहिलं वाक्य पाठ होतं, ते बहुतेक वेळा हेच असतं: “स्वल्प ॲडजस्ट माडी.” बीएमटीसीच्या बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरी बाई टेकते तेव्हा हे वाक्य येतं. दर्शिनीत उभ्याने इडली खाताना दुसरा माणूस आपली प्लेट आपल्याच टेबलावर ठेवतो तेव्हा येतं. रिक्षावाल्या अण्णांकडे सुटे पैसे नसतात तेव्हाही येतं.

मराठी कानांना हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना मजा वाटते. आपली माडी म्हणजे घराचा वरचा मजला, नाहीतर ताडीची बहीण. कन्नडमधलं ‘माडी’ मात्र साधं क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘करा’. आदराने ‘माडी’, जवळिकीने ‘माडु’.

आणि ‘स्वल्प’? तो तर आपल्याही घरचा. संस्कृतमधला हा शब्द मराठी बोलण्यातून गेला, पण शाळेच्या वहीत टिकून राहिला. आठवा ‘स्वल्पविराम’! स्वल्प म्हणजे थोडासा, म्हणून स्वल्पविराम म्हणजे थोडंसं थांबणं. कन्नड माणूस मात्र तोच शब्द रोज भाजीवालीकडे वापरतो.

म्हणजे या तीन शब्दांच्या वाक्यात एक शब्द संस्कृतमधून आलेला, एक इंग्रजी आणि एक कन्नड. वेगवेगळ्या घरचे तीन शब्द एकाच सीटवर दाटीवाटीने बसलेत. वाक्य जे सांगतंय, तेच स्वतः करूनही दाखवतंय!

याच शहरात १९५० साली एका मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला. मोठा होऊन तो इथल्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि नंतर चेन्नईला जाऊन रजनीकांत झाला. कंडक्टर असताना त्याने हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण बसमधली गर्दी बघता अंदाज आपण करू शकतो.

इंग्रजांच्या घरी हा शब्द कसा वागतो?

आता थोडं मूळ गावी जाऊन येऊ.

‘ॲडजस्ट’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये गेला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘जुक्स्टा’ म्हणजे ‘जवळ, शेजारी’. त्यामुळे मूळ अर्थ झाला जवळ आणणं, शेजारी आणणं. पुढे लोकांनी त्या शब्दात दुसराच शब्द ऐकला: ‘जस्टस’, म्हणजे न्याय्य, योग्य. इंग्रजीतला ‘जस्टिस’ त्याच घराण्यातला. मग ‘ॲडजस्ट’ला ‘योग्य करणं, बरोबर जागी आणणं’ असा रंग चढला.

हे दोन अर्थ लक्षात ठेवा. एक ‘जवळ’, दुसरा ‘योग्य’. पुढे दोन्ही लागणार आहेत.

इंग्रजीत हे क्रियापद सहसा वस्तूंवर चालतं. गाडीचा आरसा ॲडजस्ट करायचा, खुर्चीची उंची ॲडजस्ट करायची, चष्मा, पट्टा, टीव्हीचा आवाज ॲडजस्ट करायचा. म्हणजे थोडं इकडे, थोडं तिकडे करून नेमक्या जागी आणायचं.

आकड्यांवरही ते चालतं. दहा वर्षांत पगार दुप्पट झाला, पण महागाई धरून बघितलं तर खरी वाढ किती? त्याला ‘इन्फ्लेशन ॲडजस्टेड’ वाढ म्हणतात. परदेशात विमा कंपनीतर्फे नुकसानीचा अंदाज घेऊन भरपाई ठरवणाऱ्या माणसाचं पदच ‘ॲडजस्टर’ असतं.

माणसांच्या बाबतीत मात्र इंग्रजी या शब्दाला सहसा ‘टू’ची शेपटी लावते. ‘ॲडजस्ट टू द डार्क’, ‘ॲडजस्ट टू अ न्यू सिटी’. कशाशी जुळवायचं, ते सांगावं लागतं. “प्लीज ॲडजस्ट” एवढंच म्हणून थांबलं, तर लंडनच्या गाडीतला माणूस बिचारा आपला टाय ठीक करेल!

आपण काय केलं? शेपटी काढून टाकली. कशाशी, कुणी, किती, हे सगळं गाळलं आणि शेवटी ‘करा’ लावलं. हिंदीत ‘थोडा ॲडजस्ट कर लीजिए’, तमिळमध्ये ‘कोंजम ॲडजस्ट पण्णुंगा’, कन्नडमध्ये ‘माडी’. भाषा बदलल्या तरी सोय तीच. कुठलंही इंग्रजी क्रियापद घ्यायचं आणि आपलं ‘करणे’ त्याच्या मागे जोडायचं. फोन करणे, मिस करणे, मॅनेज करणे, ॲडजस्ट करणे.

सोय मोठी आहे, पण या सोयीत काहीतरी हरवतं. काय हरवतं ते बघायचं असेल, तर ‘ॲडजस्ट’च्या जागी मराठी क्रियापदं ठेवून बघायला हवीत.

एका शब्दामागे लपलेली नऊ क्रियापदं

१. सरकून घ्या
मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो. ही ‘चौथी सीट’ रेल्वेने कुठे लिहून दिलेली नाही, तरी प्रत्येक मुंबईकराला ती माहीत आहे. तिघं थोडे आत सरकतात, चौथा अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत. लांब पल्ल्याच्या गाडीत आरएसी तिकीट असलं की दोन प्रवासी खालच्या साइड बर्थवर अर्धे अर्धे बसतात, भाडं मात्र दोघंही पूर्ण भरतात. इथे सगळे थोडं थोडं सरकतात आणि स्टेशन आलं की मोकळे होतात. चांगल्या इंग्रजीत याला म्हणायचं, “कुड यू मूव्ह अप अ लिटल?”

२. सामावून घ्या
शाळेत वर्षाच्या मध्येच नवा मुलगा आला, तर त्याला खेळात घेणारे बाकीचे असतात. इथे हलायचं असतं ते आधीपासून असलेल्यांनी. नवा माणूस फक्त येतो, जागा इतरांनी करायची असते. इंग्रजीत ‘अकॉमोडेट’ किंवा ‘मेक रूम फॉर’.

३. सांभाळून घ्या
“पहिल्यांदाच पुरणपोळी केलीय, सांभाळून घ्या.” म्हणजे चूक दिसेल, पण मोठी करू नका. यात मोठेपणा ऐकणाऱ्याचा. इंग्रजीत ‘बेअर विथ मी’.

४. भागवा
मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याची मोठी टंचाई झाली. गाड्या धुवायला आणि बागेला पिण्याचं पाणी वापरलं तर ५,००० रुपये दंड, असा आदेश पाणीपुरवठा मंडळाने काढला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच मेसेज असायचा, “प्लीज ॲडजस्ट विथ वॉटर.” आपली आजी असती तर म्हणाली असती, “पुरवून पुरवून वापरा, आहे त्यात भागवा.” वस्तू कमी आहे, ती सगळ्यांना कमी आहे, आणि ती संपू न देण्याचं कसब लागतं, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. इंग्रजीत ‘मेक डू’.

५. वळती करा
बेंगळुरूत घर भाड्याने घेतलेल्यांना हा अर्थ नीट कळतो. इथे दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची जुनी पद्धत आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी ही मर्यादा दोन महिन्यांची आहे, पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. घर सोडताना “शेवटचं भाडं डिपॉझिटमधून ॲडजस्ट करा” असं आपण म्हणतो, तेव्हा मराठीत नेमका शब्द ‘वळती करा’. एका खात्यातली रक्कम दुसरीकडे वळवायची. इथे भावना नको, पावती हवी! “पेंटिंगचे पैसे त्यात ॲडजस्ट केलेत” असं कुणी म्हटलं, तर किती रुपये वळते केले ते लेखी मागायला लाजू नका.

६. रुळणे, सरावणे
नवीन गावात मूल रुळतं, नव्या नोकरीत माणूस रुळतो. उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेलं की डोळे सरावतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. डोळ्यांना इतका वेळ लागतो, तर नव्या शहरात मनाला किती लागेल? ही क्रियापदं खास आहेत, कारण ती हुकूम देऊन होत नाहीत. “रूळ बघू!” असं कुणी म्हणत नाही. वेळ द्यावा लागतो. इंग्रजीत ‘सेटल इन’, ‘गेट यूज्ड टू’.

७. जुळवून घे
आता जरा जपून. ‘जुळवून घे’ हे एका माणसाला सांगितलं जातं, आणि बदलायचंही त्याच माणसाने असतं. कधी ते योग्यही असतं. होस्टेलमध्ये रात्री अकराला दिवा बंद करायचं ठरलेलं असेल, तर मलाच माझी सवय बदलायला हवी. इंग्रजीत ‘अडॅप्ट’, ‘फिट इन’.

८. चालवून घ्या
वस्तू किंवा काम कमअस्सल आहे हे माहीत असूनही ‘ठीक आहे’ म्हणणं. नळ गळतोय, चालवून घ्या. लिफ्ट महिनाभर बंद आहे, चालवून घ्या. इंग्रजीत ‘पुट अप विथ’. इथे गैरसोय एकाची आणि सोय दुसऱ्याची असते.

९. सोसणे
आणि हा शेवटचा. यात जागा होत नाही, हिशेब होत नाही, सवय होत नाही. एकच माणूस सहन करत राहतो आणि समोरचा जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत ‘एंड्युअर’, ‘सफर’. हा अर्थ ‘ॲडजस्ट’च्या कुठल्याही इंग्रजी डिक्शनरीत सापडणार नाही. तो आपण आपल्या घरात तयार केलाय.

‘घेणे’ कुणी आणि ‘देणे’ कुणी?

वरच्या यादीत एक गंमत दिसली का? सरकून घेणे, सामावून घेणे, सांभाळून घेणे, जुळवून घेणे, चालवून घेणे. मराठीत बहुतेक ठिकाणी मागे ‘घेणे’ लागतं. कन्नडमध्येही ‘ॲडजस्ट’साठी स्वतःचा शब्द आहे, ‘होंदिकोळ्ळी’. त्यातलं शेवटचं ‘कोळ्ळी’ म्हणजे आपलं ‘घ्या’च. दोन शेजारी भाषांनी एकच युक्ती वापरली. ‘घेणे’ लावलं की क्रियेची जबाबदारी कुणी स्वतःकडे घेतली, ते कळतं.

मराठी क्रियापद उच्चारलं की कोण हलणार हे लगेच उघड होतं. ‘सामावून घ्या’ म्हटलं की घरच्यांनी हलायचं. ‘जुळवून घे’ म्हटलं की नव्याने हलायचं. ‘सरकून घ्या’ म्हटलं की सगळ्यांनी. ‘ॲडजस्ट करा’ म्हटलं की... कुणी? ते सांगितलेलंच नाही. आणि जेव्हा सांगितलेलं नसतं, तेव्हा सहसा तोच हलतो ज्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड जातं.

बघा ना, घरात हॉलमध्ये कोण ॲडजस्ट करतं? मुलं. उरलेल्या भाजीवर कोण ॲडजस्ट करतं? आई. ऑफिसमध्ये शनिवारी कोण ॲडजस्ट करतं? सगळ्यात नवा माणूस. आणि लग्नाच्या जाहिरातीत ‘ॲडजस्ट करणारी मुलगी हवी’ असं लिहिलेलं आपण वाचतो. ‘ॲडजस्ट करणारा मुलगा हवा’ असं तुम्ही किती वेळा वाचलंय?

मला वाटतं, इथेच हा गोड शब्द धोक्याचा होतो. “सुनेने सोसायला हवं” असं आज कुणी चारचौघांत म्हणणार नाही. म्हटलं तर ऐकणाऱ्यांच्या भुवया वर जातील. पण “थोडं ॲडजस्ट करायला हवं” म्हटलं की सगळे मान डोलावतात. वाक्य तेच, फक्त कपडे इस्त्रीचे.

एक जुनी गोष्ट: जुळवून घेणं आणि तडजोड

या दोन शब्दांतला फरक मुंबईने १८८० च्या दशकात कोर्टात पाहिला आहे.

रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवा. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, मग अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन.

त्या काळच्या कितीतरी वर्तमानपत्रांचा आणि मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांचा सूर एकच होता, आजच्या भाषेत सांगायचं तर “मुली, ॲडजस्ट कर.” पण त्यांच्याकडून जे मागितलं जात होतं, ते सरकणं नव्हतं आणि सामावणंही नव्हतं. आयुष्यभराचं सोसणं होतं, आणि त्याला त्यांनी नाही म्हटलं.

शेवटी १८८८ मध्ये काय झालं? तडजोड. दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला, आणि रखमाबाई तुरुंगात न जाता मोकळ्या झाल्या. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी अनेक वर्षं रुग्णांची सेवा केली. मुलींच्या लग्नाच्या वयावरून देशात जी चर्चा पेटली आणि १८९१ चा संमतीवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्याचाही हात होता.

‘तडजोड’ हा दहावा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. तडजोडीला दोन बाजू लागतात. दोघंही काहीतरी सोडतात, दोघंही काहीतरी मिळवतात, आणि काय सोडलं ते दोघांना माहीत असतं. म्हणून लोकअदालतीत ‘तडजोड’ हा शब्द चालतो, ‘ॲडजस्ट’ चालत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीनेच वाद मिटतो. एकट्याने तडजोड करता येत नाही. एकट्याने केली, तर तिचं नाव वेगळं असतं.

तीन प्रश्न विचारा

मग “ॲडजस्ट कर” असं कुणी म्हणालं, तर लगेच भांडायचं का? मुळीच नाही. बेंगळुरूची बस “स्वल्प ॲडजस्ट माडी”वरच चालते आणि त्या वाक्यात माया आहे. अनोळखी बाई मांडीवर माझी बॅग घेते, मी तिच्या मुलाला खिडकीजवळ घेते, आणि आमचा प्रवास होतो. ‘जवळ येणं’ हा शब्दाचा पहिला, लॅटिन अर्थ तिथे अगदी जिवंत असतो.

फक्त दुसरा अर्थही तपासायचा. हे ‘योग्य’ आहे का? त्यासाठी तीन सोपे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न: कोण कोण सरकणार? मी एकटी, की आपण सगळे?

दुसरा प्रश्न: किती वेळ? स्टेशन येईपर्यंत, महिनाभर, की कायमचं? त्या ‘स्वल्प’कडे लक्ष ठेवा. स्वल्पविराम थोडा वेळ थांबवतो आणि वाक्य पुढे नेतो. तिथे पूर्णविराम आला की वाक्यच संपतं.

तिसरा प्रश्न: पुढच्या वेळी कोण?

माझ्या एका मैत्रिणीला ऑफिसात दर आठवड्याला “धिस सॅटर्डे, प्लीज ॲडजस्ट” असा मेसेज यायचा. तिसऱ्या की चौथ्या आठवड्याला तिने उत्तर लिहिलं, “हो, येते. बदली सुट्टी कोणत्या दिवशी घेऊ?” आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. फक्त ‘ॲडजस्ट’चं ‘तडजोड’ असं भाषांतर केलं! त्यानंतर शनिवार वाटून घेतले गेले.

मुलांच्या बाबतीतही हे प्रश्न कामी येतात. शाळा बदलल्यावर मूल गप्प राहायला लागलं, तर “करेल हळूहळू ॲडजस्ट” म्हणून सोडून देऊ नका. ते रुळतंय की सोसतंय, हे बघा. रुळणारं मूल दर आठवड्याला एखादं नवीन नाव घेऊन घरी येतं. सोसणारं मूल रविवारी संध्याकाळी पोट दुखतंय म्हणतं. मोठ्यांचंही असंच होतं. मोठ्या बदलानंतर माणूस सावरू शकला नाही, झोप आणि रोजची कामं बिघडली, तर डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘ॲडजस्टमेंट डिसऑर्डर’ म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. ते मनाचं दुबळेपण नव्हे.

आणि घरात मारहाण, धमक्या, उपासमार, कोंडून ठेवणं असं काही चाललं असेल, तर तिथे या शब्दाला जागाच नाही. २००५ च्या कायद्याने तो कौटुंबिक हिंसाचार आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नसेल, तर शेजारच्या दारासाठी.

आता गृहपाठ!

हो, सदर आहे तर गृहपाठ हवाच. उद्या दिवसभर घरात, बसमध्ये, ऑफिसात ‘ॲडजस्ट’ किती वेळा येतो ते मोजा. प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्याच्या जागी मराठी क्रियापद ठेवा: सरकून घ्या, सामावून घ्या, सांभाळून घ्या, भागवा, वळती करा, रुळा, जुळवून घे, चालवून घ्या, सोस, की तडजोड करू या?

रात्री जेवताना सगळ्यांनी आपापला हिशेब सांगा. बाबांना किती वेळा ‘सांभाळून घ्या’ मिळालं आणि आईला किती वेळा ‘भागव’, हे ऐकायला मजा येईल. कुणाच्या यादीत ‘सोस’ जास्त वेळा आलं, तर मात्र जेवण झाल्यावर उठू नका. थोडं सरका, त्या माणसाच्या जवळ बसा आणि विचारा.

पिशवीतून पुढचा शब्द काढायला लवकरच भेटू. तोवर, स्वल्पविराम,